मागच्याचा पाय

मराठीतील डोंगरविषयक लेखनाची चर्चा निघाली की समीक्षक बहुधा दोन गोष्टी पाहतात. लेखकाने किती गड पाहिले ही एक, आणि निसर्गाचे वर्णन किती रसाळ उतरले ही दुसरी. या दोन्ही कसोट्या आपापल्या जागी योग्य आहेत. तथापि त्या पुरेशा नाहीत, असे आम्हांस वाटते. डोंगरात अशी एक जागा असते, की जिथे चालणाऱ्याची आणि पुढे लिहिणाऱ्याचीही खरी परीक्षा होते. ती जागा म्हणजे धार. दोन्ही अंगांना दरी, मधोमध हात-दोन हात रुंदीची वाट, पुढे एक सोबती आणि मागे एक सोबती. अशा ठिकाणी खांद्याला खांदा लावून चालता येत नाही आणि एकट्याने निघणे शहाणपणाचे नसते. एकामागे एक अशीच रांग लावावी लागते. त्या रांगेत पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. या रांगेविषयी आपल्या लेखकांनी काय लिहिले आणि काय लिहावयाचे राहून गेले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांपुढे मांडण्यास कारण आहे. आपल्या भागातील जुन्या मराठी घराण्यांचा डोंगराशी असलेला संबंध पुस्तकांतून आलेला नाही. महाशिवरात्रीस चौरागडच्या महादेवाला आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला जाण्याची परंपरा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोणाच्या आजोबांनी नवसाचा त्रिशूळ खांद्यावरून वर नेला, कोणाच्या आजीने अनवाणी खेप केली, अशा आठवणी आजही माजघरात निघतात. ज्या समाजाच्या पायांना धारेची इतकी सवय आहे, त्याच्या भाषेत त्या धारेचे गद्य किती आहे, हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे. तो आपल्यासाठी दुसरे कोणी विचारणार नाही.

प्रथम एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींनी मराठीत ‘दृष्टिभय’ हा शब्द रूढ केला आहे. वाट पायांना फारशी अवघड नसते. परंतु शेजारची खोली नजरेत आली की शरीर ताठरते, त्या अवस्थेसाठी तो वापरला जातो. अंगणात आखलेल्या वीतभर पट्टीवरून लहान मूलही धावत जाते. तीच पट्टी दरीच्या काठावर नेली की जाणत्या माणसाचे टोंगळे थरथरू लागतात. इंग्रजीत यासाठी ‘एक्स्पोजर’ असा शब्द आहे. तो जागेचा उघडेपणा सांगतो; मराठी शब्द मात्र पाहणाऱ्या माणसाचे काय होते ते सांगतो. भय डोळ्यांतून येते हे एकदा कळले, की त्यावरचा उपायही कळतो. डोळ्यांना खोलीकडून काढून पुढच्या पावलावर आणावयाचे, आणि हे काम पुष्कळदा सोबत्याचा आवाज करतो. दगड हलतो आहे, डावा हात वर घाल, तिथे खोबण आहे, घाई करू नकोस, असे कोणी शांतपणे सांगत राहिले की दरी काही काळ नाहीशी होते.

धारेवरच्या चालीचे नियम थोडे आहेत आणि ते सगळे या सोबतीशी जोडलेले आहेत. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवावयाचा आणि उरलेले तीन टेकलेले ठेवावयाचे. घसाऱ्यावर पावले टाकताना खाली कोणी आहे याचे भान ठेवावयाचे, कारण आपल्या पायाने सुटलेला गोटा आपल्याला काही करीत नाही, खालच्याला करतो. उतरणीस चढणीहून अधिक वेळ द्यावयाचा, कारण उतरताना पायांना डोळे नसतात. आणि रांगेची गती सर्वांत सावकाश चालणाऱ्यावरून ठरवावयाची. पट्टीच्या चालणाऱ्याने पुढे निघून जाऊन दूर खडकावर वाट पाहत बसणे यात मर्दुमकी दिसते. परंतु मागच्याच्या मनात त्यामुळे घाई उत्पन्न होते, आणि धारेवर घाईइतके घातक दुसरे काही नाही. म्हणूनच लेखनाची आमची कसोटी आम्ही याच नियमांतून घेतो. धारेवरचे लेखन वाचताना आम्ही विचारतो : या लेखकाला मागच्याचा पाय कुठे पडला ते ठाऊक आहे काय?

ही कसोटी नवी वाटेल. परंतु आपल्या साहित्याच्या उगमाशीच तिचे उदाहरण आहे. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात पाच पांडव, द्रौपदी आणि एक कुत्रा असे हिमालयाच्या वाटेने निघतात. वाटेत आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम कारण विचारतो आणि युधिष्ठिर पडलेल्याचा एकेक दोष सांगत पुढे चालत राहतो. मागे वळून पाहत नाही. आपल्या वाङ्‌मयातील ही सर्वांत प्रसिद्ध डोंगररांग, आणि तिच्या अग्रभागी चालणारा मागच्यासाठी थांबत नाही! धर्मशास्त्राच्या दृष्टीने याचे समर्थन पंडितांनी केलेले आहे आणि त्यात आम्हांस शिरावयाचे नाही. लक्षात घेण्याजोगे हे, की महाभारतकार तेथेच थांबत नाही. स्वर्गाच्या रथापाशी आल्यावर कुत्र्याला मागे टाकून आत येण्यास युधिष्ठिर नकार देतो, आणि तो कुत्रा साक्षात धर्म असल्याचे तेव्हा उघड होते. शेवटपर्यंत मागे राहिलेल्याला सोडावयाचे नाही, एवढ्या एका गोष्टीवर अखेरची परीक्षा ठरते. पंचमढीच्या नावाचा संबंध लोक पांडवांच्या पाच मढ्यांशी लावतात आणि नागद्वारच्या यात्रेत एका ठिकाणाला स्वर्गद्वार म्हणतात. ही कथा आपल्या डोंगरात अशी लोकांनीच आणून बसविली आहे.

इंग्रजी साहित्यातही याच्या जवळ जाणारे एक प्रकरण आहे. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशात हेल्व्हेलिन नावाचा डोंगर असून त्याला स्ट्रायडिंग एज नावाची अरुंद धार आहे. १८०५ साली चार्ल्स गॉफ नावाचा तरुण एकटाच त्या डोंगरात गेला आणि कड्याखाली मरण पावला. सुमारे तीन महिन्यांनी त्याचा देह सापडला तेव्हा त्याची कुत्री तेथेच होती. वर्ड्‌स्वर्थ आणि वॉल्टर स्कॉट या दोघांनीही या घटनेवर कविता लिहिल्या. डोंगराच्या भव्यतेवर कविता लिहिणे त्यांना अवघड नव्हते. पण त्यांची लेखणी ओढली गेली ती सोबतीच्या गोष्टीकडे.

आता मराठीकडे वळू. आपल्या मनात कड्याची पहिली प्रतिमा उमटते ती युद्धाची. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढून गेले, हे मराठी मुलाला अक्षरओळखीबरोबरच कळते. हरि नारायण आपटे यांनी १९०३ साली ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीतून ती कथा घरोघरी पोचविली. तीन वर्षांनी, १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी पन्हाळ्यावर चढले. रायगडची हिरकणी दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरून गेली, ही आख्यायिकाही याच कुळातली. या कथांनी मराठी मनाला कड्याविषयी आदर शिकविला, हे त्यांचे मोठेच देणे आहे. मात्र त्यांनी आणखी एक सवय लावली. कडा हा पराक्रमाचा पुरावा आहे आणि पराक्रम एकाचा असतो, असे आपण गृहीत धरू लागलो. तानाजीच्या मागोमाग दोराला लटकलेल्या मावळ्यांचे हात सोलले असतील, कोणाचा पाय निसटला असेल, त्याच्याविषयी कथा बोलत नाही. उलट, तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, ही गोष्ट आपल्या वाक्प्रचारात जाऊन बसली. दोर हा सोबतीला बांधणारा असतो, हे विसरून तो कापण्याची कथा आम्ही अधिक लक्षात ठेवली. युद्धात ते योग्यच होते. सहलीला निघालेल्या चार मित्रांना तोच आदर्श लावला की अनर्थ होतो.

या वारशाला वेगळे वळण लावणारा लेखक म्हणून गो. नी. दांडेकरांचा विचार करावा लागतो. ते आपल्यापासून फार दूरचे नव्हेत. त्यांचा जन्म १९१६ साली परतवाड्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी झाला. मेळघाटाचे डोंगर आणि आपले डोंगर एकाच रांगेतले. नर्मदेच्या परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिणारा हा लेखक पुढे सह्याद्रीत रमला आणि ‘दुर्गभ्रमणगाथे’त त्याने गडकोटांच्या हिंडण्याचे एक गद्यच घडविले. या गद्याचे आमच्या मते मोठेपण असे, की त्यात गड कधी एकट्याच्या मालकीचा होत नाही. बरोबरचे सोबती, पायथ्याच्या वाडीत ओसरी देणारा गावकरी, गडावरचा गवळी, भाकरी, पाणी, मुक्काम आणि रात्रीच्या गप्पा या सगळ्यांना गडाइतकाच मान मिळतो. अवघड जागी आपण किती धैर्याने वागलो हे सांगण्याची हौस या लेखकाला नाही. ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीत तर राजमाचीवर एकट्याने राहू लागलेल्या म्हाताऱ्याला झाड, खार, कुत्रा असे सोबती त्याने मिळवून दिले आहेत.

परंतु सोबतीचे मोल दांडेकरांनी सर्वांत कठोरपणे मांडले ते ‘जैत रे जैत’ मध्ये. जब्बार पटेल यांनी १९७७ साली या कादंबरीवर केलेला चित्रपट अनेक वाचकांनी पाहिला असेल. ठाकरांचा नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्यांच्या राणीशी वैर मांडतो आणि तिची पोळी उतरविण्यासाठी कड्याला भिडतो. चिंधी त्याची सोबतीण. नाग्याला जय मिळतो. त्याच वेळी चिंधी मात्र माश्यांच्या दंशांनी जिवास मुकते. जैत या शब्दाचा अर्थच जय. दांडेकरांनी जयाची आरोळी आणि सोबतिणीचा मृत्यू एकाच जागी आणून ठेवले आणि निर्णय वाचकावर सोडला. मराठीतील डोंगरलेखनात मागच्याच्या पायाविषयी इतका स्पष्ट प्रश्न दुसऱ्या कोणत्या कृतीने विचारला असेल असे आम्हांस वाटत नाही.

दांडेकरांच्या गद्याला एक मर्यादाही आहे आणि आदर ठेवूनच ती सांगितली पाहिजे. त्यांच्या दुर्गलेखनात डोंगर मोठा होतो तो बहुतांशी इतिहासामुळे. तोरण्याच्या बुधला माचीवरून निघून राजगडाच्या संजीवनी माचीपर्यंत जाणारी डोंगरधार आज हजारो तरुण चालतात. तिच्या दोन टोकांना दोन गड आहेत म्हणून ती चाल अर्थपूर्ण ठरते. ज्या धारेच्या टोकाला गड नाही, शिवकालाची आठवण नाही, तिच्याकडे या परंपरेतील लेखणी सहसा वळत नाही. सातपुड्याची उपेक्षा होण्याचे एक कारण येथे सापडते.

दांडेकरांच्या पिढीनंतर दोन प्रकारचे लेखन वाढले. पहिले माहितीपर. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ या ग्रंथाने आणि प्र. के. घाणेकर यांच्या गडकिल्ल्यांवरील पुस्तकांनी वाटा, पाणवठे, अंतरे आणि अवघड टप्पे नीट सांगून ठेवले. ललित म्हणून या पुस्तकांकडे कोणी पाहत नाही; तरी आमच्या कसोटीवर ती चांगली उतरतात. पुढे कोणीतरी अनोळखी माणूस या वाटेने येणार आहे आणि त्याचा पाय चुकू नये, या जाणिवेनेच ती लिहिलेली आहेत. मागून येणाऱ्याची याहून मोठी काळजी कोणती?

दुसरा प्रकार अनुभवपर लेखांचा. दिवाळी अंकांत, पुरवण्यांत आणि स्मरणिकांत तो विपुल आढळतो. त्यातील उत्तम लेखांचा आम्ही आनंद घेतलेला आहे. तथापि सामान्य लेखाचा साचा आता वाचकास तोंडपाठ झाला आहे. पहाटे निघणे, चहा, धुके, मग अवघड टप्पा. तिथे काळजाचा ठोका चुकणे, खाली पाहिल्यावर डोळे फिरणे, आणि माथ्यावर पोचल्यावर जिंकल्याची भावना. या सर्वांत ‘मी’ भरपूर असतो. मित्रांची नावे पहिल्या परिच्छेदात येतात आणि छायाचित्राखाली पुन्हा येतात. मधल्या अवघड टप्प्यात ती नाहीशी होतात. वास्तविक त्याच टप्प्यात ती असावयास हवीत. कोणी घाबरले, कोणी हात दिला, कोणी परत फिरू म्हणाले आणि त्याचे म्हणणे ऐकले की नाही, हेच त्या दिवसाचे खरे कथानक असते. परत फिरणाऱ्याविषयी तर आपल्याकडे लेख जवळपास लिहिलेच जात नाहीत. माथा गाठला नाही तर लिहावयाचे काय, असा त्यामागचा विचार दिसतो. आज अशा वर्णनांवर विसंबून पावसाळ्यात तरुण मुले गर्दीने निसरड्या कड्यांवर जातात आणि दर पावसाळ्यात अपघाताच्या वार्ता येतात. त्यांचा सारा दोष लेखनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण भय सांगून सावधगिरी न सांगणाऱ्या लेखनाने आपला थोडा वाटा मान्य केला पाहिजे.

तुलनेसाठी एडवर्ड व्हिंपरचे उदाहरण घेऊ. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून सात जण उतरू लागले. एकाचा पाय घसरला, त्याने आणखी तिघांना ओढले, दोर तुटला आणि चौघे गेले. वाचलेल्या तिघांत व्हिंपर होता. १८७१ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या इंग्रजी नावातच ‘स्क्रॅम्बल’ हा शब्द आहे. हातापायांनी धडपडत चढणे असा त्याचा अर्थ. शिखर प्रथम गाठल्याचा मान त्याच्या नावावर होता, परंतु त्या ग्रंथाच्या अखेरीस वाचकाच्या मनात राहते ती दोराची चौकशी : कोणता दोर कोणामध्ये बांधला होता आणि सर्वांत कमकुवत दोर नेमका त्या जागी कसा आला. विजयापेक्षा सोबतीचा हिशेब मोठा मानणारे हे लेखन दीडशे वर्षांनंतरही वाचले जाते, यात नवल नाही.

त्याच १८७१ साली लंडनमध्ये आणखी एक पुस्तक निघाले, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचे मध्य भारताच्या उंच प्रदेशाविषयीचे ते पुस्तक. पंचमढीच्या पठारावर १८६२ साली बायसन लॉज उभारणारा हाच अधिकारी. महादेवाचे डोंगर आणि महादेवाची यात्रा यांचे वर्णन त्याने इंग्रजीत केले. म्हणजे आपल्या धारेचे गद्य एका परक्या अधिकाऱ्याने दीडशे वर्षांपूर्वीच लिहिले. आणि त्या धारेवरून अखंड ये-जा करणाऱ्या मराठी माणसाचे गद्य मात्र फारच थोडे आहे. मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या अरण्यांना मराठीत मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांची दृष्टी प्राणी, पक्षी आणि वृक्ष यांच्यावर स्थिरावलेली होती. सातपुड्याची धार, तिच्यावरून चालणारी यात्रेकरूंची रांग, हा विषय तसाच राहिला.

असे का घडले? एक कारण राजकीय इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला. नागपूर शेजारीच राहिले, पण मराठी शाळा, मराठी पुस्तके आणि मराठी नियतकालिके यांचे अंतर हळूहळू वाढत गेले. आता २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी बाहेर आपल्या गावाचे नाव निघाले की लोक गोटमारीविषयीच विचारतात. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. शहरातील वाचक चालण्याचे दोन वर्ग करतो. पाठीवर पिशवी घेऊन छंद म्हणून जाणारा तो गिर्यारोहक, आणि कपाळाला बुक्का लावून नवसासाठी जाणारा तो यात्रेकरू. पहिल्याचा अनुभव साहित्य होतो, दुसऱ्याचा अनुभव श्रद्धा म्हणून बाजूला ठेवला जातो. दोघांचे पाय मात्र सारखेच निसटतात आणि दोघांच्या डोळ्यांना दृष्टिभय सारखेच होते.

यात्रेचे स्वरूप आपणांस माहीत आहे. तरी लेखनाच्या दृष्टीने त्याकडे पुन्हा पाहावे. जुन्नारदेवजवळील पहिल्या पायरीपासून महादेवाची वाट सुरू झाली असे मानतात. पुढे भूराभगत, आणि मग चौरागडाची तेराशेच्या आसपास पायऱ्यांची उभी चढण. त्या चढणीवर जड त्रिशूळ दोघे-चौघे मिळून खांद्यावर नेतात. त्रिशूळ एकच आणि खांदे चार, म्हणजे चौघांची पावले एकमेकांना बांधली गेली. पुढच्याने वेग वाढविला तर मागच्याचा तोल जातो. गिर्यारोहकांच्या दोराने जे काम होते तेच येथे त्रिशूळ करतो. नागद्वारची गोष्ट आणखी वेगळी. तो भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो आणि यात्रेच्या थोड्या दिवसांपुरताच खुला होतो. ते दिवस भर पावसाचे. काजळी, पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार अशी ठिकाणे घेत डोंगर चढावे-उतरावे लागतात; कुठे लोखंडी शिड्या, कुठे शेवाळलेला खडक, कुठे एका वेळी एकालाच जाता येईल अशी कपार. धोका उंचीचा असतो त्याहून गर्दीचा आणि घाईचा अधिक असतो.

खडकसुद्धा निराळा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याच्या थरांनी बनला. कठीण आणि मऊ थर एकावर एक असल्याने तो टप्प्याटप्प्यांनी तुटतो. आडव्या पट्ट्या, कडे आणि पायऱ्या खोदण्याजोग्या जागा त्यात तयार होतात. पंचमढीचा डोंगर वालुकाश्माचा. त्याचे कडे जाड, गोलसर, आणि पावसात त्यांची रवाळ पाठ शेवाळाने झाकली जाते. त्यामुळे सह्याद्रीच्या लेखनातून उचललेली वर्णने येथे बसत नाहीत. आपल्या सौंसरचे नाव भूशास्त्राच्या ग्रंथांत मँगनीज आणि संगमरवर असलेल्या खडकांच्या समूहाला दिलेले आहे. शास्त्रज्ञांनी आमच्या दगडाला आमचे नाव दिले. आमच्या लेखकांनी मात्र त्या दगडावरून चालण्याचे शब्द अजून जुळविलेले नाहीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. यात्रेकरूंना गद्याची गरजच काय? त्यांच्याजवळ महादेवाची गाणी आहेत. एकाने ओळ उचलावी आणि रांगेने ती झेलावी, असे ते गायन चालते. धुक्यात पुढचा दिसेनासा झाला तरी त्याचा आवाज येतो. मागची ओळ उमटली की पुढच्याला कळते, मागचे सुखरूप येत आहेत. चढण उभी झाली की श्वास पुरत नाही; तेव्हा गाणे आखडते आणि देवाच्या नावाचा गजर तेवढा उरतो. आम्ही जी कसोटी साहित्याला लावली, ती या गाण्याने आधीच पूर्ण केलेली आहे. शिवाय नवसाच्या वाटेवर भयाचा उच्चार करणे यात्रेकरूला अप्रशस्त वाटते. भय वाटले म्हणणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे, असा त्याचा भाव असतो, आणि त्याच्या मौनात एक सभ्यता आहे.

हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. गाणी गद्याहून थोर आहेत, यात शंका नाही. परंतु गाणे रांगेत जिवंत असते. रांग संपली की ते घरी येत नाही. ज्या म्हाताऱ्यांना ती गाणी येतात त्यांची नातवंडे हिंदीतून शिकतात, हिंदीतून नोकरी करतात आणि नागद्वारला गेलीच तर मोटारीने पंचमढी गाठतात. त्यांना आजोबांच्या वाटेची हकीकत कोणी सांगितलेली नसते, आणि ती हकीकत गाण्यात नसते. कोणत्या वर्षी पावसाने वाट वाहून गेली, कोणत्या कपारीपाशी एकमेकांना कमरेच्या शेल्याने बांधून नेले, कोण अर्ध्यातून परतला आणि त्याला कोणी हसले नाही, हे गद्यालाच सांगता येते. मौनातील सभ्यतेविषयी इतकेच म्हणू, की भयाची कबुली आणि देवावरील श्रद्धा यांचा विरोध नाही. ज्याला भय कळते तोच मागच्यासाठी थांबतो.

हे गद्य कोणत्या मराठीत लिहावे, हाही प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या डोंगरमराठीने नाळ, घसारा, कातळटप्पा, दृष्टिभय असे नेमके शब्द घडविले. ते आपण आनंदाने घ्यावेत. त्यांच्या जोडीला आपले टोंगळा, गोटा, बरड, लवण हे शब्दही संकोच न करता लिहावेत. छापील लेखात घरची बोली आली की लेख हलका होतो, ही समजूत सोडून दिली पाहिजे. टोंगळे दुखणे आणि गुडघे दुखणे यांत वैद्यकीय भेद नसेल. पण चौरागडच्या पायऱ्यांवर जे दुखतात ते टोंगळेच असतात.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. ज्या घरांत महादेवाच्या आणि नागद्वारच्या वाटेच्या आठवणी आहेत, त्यांनी त्या लिहून काढाव्यात. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्याजवळ घरातील शिकत्या मुलाने वही घेऊन बसावे. साहित्यगुणांची चिंता करू नये. वाटेचे नाव, वर्ष, बरोबरची माणसे, अवघड जागा, तिथे कोणी काय केले, कोण मागे राहिला आणि त्याच्यासाठी कोण थांबले, एवढे खरेपणाने उतरले तरी पुरे. आपले मंडळ ते गोळा करू शकेल आणि या पत्रिकेची पाने त्यासाठी आहेतच. सह्याद्रीला गोनीदा लाभले ते परतवाड्याहून. सातपुड्याचा लेखक पांढुर्णा-सौंसरच्या घरांतून निघू नये, असे काही कोठे लिहिलेले नाही. तो निघेल तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर माथ्याचे वर्णन शोधावयास आम्ही जाणार नाही. रांगेत शेवटी कोण चालत होते ते त्याने सांगितले आहे की नाही, हे आम्ही प्रथम पाहू.